घुबडाच्या मागचं लोणी

“हे खेळणं घेऊन आलीस होय परत?” ट्रायपॉडचे पाय चौकातल्या फरशीवर रोवत रातोमिरने विचारलं. “देसांका, नखाएवढ्या सेन्सरवर घुबड मावतं तरी का गं?”

“मावतं की दादा. शेपटीसकट मावतं.” धाकट्या बहिणीने गळ्यातला छोटासा ब्रिज कॅमेरा वर केला. झूमची नळी कासवाच्या मानेसारखी पुढे आली. “आणि तुझ्यासारखी तोफ ओढत आणावी लागत नाही.”

नोव्हेंबर लागला की किकिंडा गावाच्या चौकात झाडाझाडावर घुबडं येऊन बसतात. शेकड्यांनी, भर दिवसा. खालून जाणाऱ्यांच्या टोप्यांवर खुशाल शिटतात. त्यांच्या फोटोंची स्पर्धा म्हणजे गावातली लढाईच. सकाळभर चौकात फोटो काढायचे आणि दुपारी बाराला कॅमेऱ्यातलं कार्ड आहे तसं पेटीत टाकायचं. प्रत्येकाचा एक फोटो परीक्षक निवडणार. घरी नेऊन रंगरंगोटी करायची सोयच नाही. जिंकलेला फोटो गावाच्या कॅलेंडरवर, वर्षभर घराघरात.

रातोमिरला ते कॅलेंडर हवंच होतं. तीन वर्षांपूर्वी त्याची आई ‘कंबर गेली रे’ म्हणून आडवी झाली, ती झालीच. तेव्हापासून सूप भरव, पाय चेप, भांडं दे, उशी फिरव. घंटी वाजली की पळ. गुत्त्यातले मित्र त्याला नर्सबाई म्हणायचे. बाईने सासूचं केलं तर गाव बघतही नाही, आणि बाप्याने आईचं केलं तर गाव दात काढतं. असल्या गावाच्या भिंतीभिंतीवर एकदा आपलं नाव टांगायचं, या हट्टापायी त्याने पेन्शनीतून मोठ्या सेन्सरचा महागडा मिररलेस कॅमेरा घेतला होता. आणि माणूस एकदा महाग वस्तू घेऊन बसला की जन्मभर तिची वकिली करतो.

“आई एकटीच आहे?” देसांकाने विचारलं.

“घंटी हाताशी ठेवलीय. शेजारीण ऐकेल. तू नको काळजी करू, तुझं आपलं फिरणं चालू दे.”

“मी नेते म्हटलं होतं तिला माझ्याकडे. तीच नको म्हणाली.”

“माझ्या हातचं सूप आवडतं तिला,” रातोमिर म्हणाला. त्यात तक्रार होती आणि थोडी ऐटही.

दोघांनी कॅमेऱ्यात एकच घुबड धरलं. रातोमिरच्याच घरासमोरच्या झाडावरचं, लठ्ठ, एक डोळा मिटलेलं. रातोमिरने फोटो काढला आणि बहिणीला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला.

“बघ. मागे माझं घर आहे, पण एक वीट दिसते का? लोणी! नुसतं लोणी! याला म्हणतात मोठा सेन्सर. तुझ्यात मेलं सगळंच येतं. घुबड, तारा, भिंत, लोकांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या.”

“जगात असतात रे चड्ड्या,” ती म्हणाली आणि फटाफट बटण दाबत सुटली.

मधेच ती थांबली. कॅमेरा खाली केला. पुन्हा वर केला. खुदकन हसली.

“काय झालं?”

“काही नाही. घुबडाने डोळा मारला.”

बाराला लाझार न्हावी पेटी घेऊन आला. देसांका कार्ड काढेचना. “माझं राहू दे लाझार. यंदा बरे नाही आलेत.”

“नियम म्हणजे नियम, ताई,” म्हणत लाझारने कार्ड तिच्या बोटांतून ओढून घेतलं. रातोमिर मिशीत हसला. बया घाबरली म्हणायची!

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. बाकी सगळे फोटो गळले. पडद्यावर बहीणभावाचेच शेजारी शेजारी उरले. नोवी साद शहरातून आलेल्या परीक्षक बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “भावाचं घुबड सुंदर आहे. पण ते कुठलंही असू शकतं. बहिणीच्या फोटोत घुबड आहे आणि त्याचं गावही आहे. माझं मत बहिणीला.”

देसांका ताडकन उठली. “नको बाई! दादाचाच फोटो भारी आहे. माझा काढून टाका, आत्ताच्या आत्ता.”

“वा! बहीण असावी तर अशी,” कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या रातोमिरला थोबाडीत बसल्यासारख्या वाटल्या.

“भीक नकोय मला!” तो उठला. “लाझार, दोन्ही फोटो मोठे कर. अख्ख्या पडद्याएवढे. लोकांनाच ठरवू दे.”

“दादा, तू जिंकलास. बस खाली.”

“नाही बसत.”

“आईची शपथ आहे तुला!”

“आईला कशाला मधे आणतेस?”

सभागृह खदखदलं. परीक्षक बाईंनी होकाराची मान हलवली आणि लाझारने रातोमिरचा फोटो मोठा केला. पीस न् पीस मोजून घ्यावं असं घुबड, मागे मऊ लोणी. शिट्ट्या वाजल्या. रातोमिरची छाती दोन बोटं वर आली.

मग देसांकाचा. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घुबडाची पिसं दाणेदार झाली.

“रवा! रवा!” रातोमिर आनंदाने ओरडला. “अजून मोठा कर! ते मागचं दाखव, काय काय कचरा आलाय ते बघू दे लोकांना!”

लाझारने फोटो अजून मोठा केला आणि बाजूला सरकवला. हशा थांबला. मागच्या रांगेतून एक म्हातारा पुटपुटला, “अरे देवा.”

घुबडाच्या कानामागे रातोमिरच्या घराची खिडकी होती, आणि खिडकीत, स्टुलावर खांबासारखी ताठ उभी राहून, एका हाताने वरची काच पुसत आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर धरून, आई थेट देसांकाच्या कॅमेऱ्याकडे बघत होती.