अठरा मीटर

सकाळी सव्वाअकराला सदर बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरमागच्या आनंदने एक रिकामी, पारदर्शक पेटी पाण्याच्या बादलीत दाबून धरली. थोड्या वेळाने बाहेर काढली. आत ठेवलेला टिश्यू पेपर ओला झाला होता.

"अभी रुकिए, दीदी," तो म्हणाला आणि पेटी पुसू लागला.

दुर्वाला उद्या अंदमानला निघायचे होते. नवरा पियूष काल संध्याकाळीच तिथे पोहोचला होता आणि आज समुद्रात उतरणार होता. दोघांनी गेल्या वर्षी हौसेने डायव्हिंग शिकून घेतले होते. कॅमेरा निवडायचे काम तिच्यावर सोपवून तो पुढे गेला होता. रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमधून सासूबाई इंदिरा सोबत आल्या होत्या.

काउंटरवर छोटा कॅमेरा होता. तो नुसता घेतला तर पंधरा मीटरपर्यंत पाणी सोसणारा. या पेटीत बसवला तर चाळीसपर्यंत. पियूषने फोनवर अठरा मीटर खोली सांगितली होती.

"तीन मीटरसाठी एवढी मोठी पेटी?" इंदिरांनी विचारले.

"खाली पाणी दाबतं, आई. बटणांच्या फटीतून आत शिरतं. म्हणून ही पेटी, हाउसिंग म्हणतात हिला."

"म्हणजे कॅमेऱ्यालाही क्वार्टर पायजे."

"हो, अन् फॅक्टरीच्या क्वार्टरसारखं गळणारं नको."

आनंदने पेटी उघडली. कडेच्या रबरी कड्यावरून बोट फिरवले आणि चिमटीत काहीतरी धरून उजेडात दाखवले. एक केस होता.

"बस, इतना काफी है. रिंग पे बाल आ गया, रेत आ गई, तो पानी अंदर."

इंदिरा पुढे झुकल्या. "अन् तांदळाचा दाणा आला तर?"

"चावल? चावल तो बहुत बड़ा हुआ, आंटीजी."

दुर्वा हसली. "आई, समुद्रात तांदूळ काहून येईल? खिचडी शिजवायला चाललो का आम्ही?"

इंदिरा हसल्या नाहीत. "पियूषच्या सामानात असं रबर असते का? ते तोंडात धरून श्वास घेते न तो, त्याच्यात?"

"असतं ना. काहून?"

"खंडेनवमीला मी त्याची पूजा केली. बाबांच्या पान्या-कानशींसोबत पाटावर मांडलं होतं न सगळं."

"मालूम है," दुर्वा म्हणाली. "हळदकुंकू पुसलं ना नंतर?"

"हळदकुंकू पुसलं. अक्षता नाही पुसल्या. तो म्हणे, आई, खाली गेल्यावर माझा जीव याच्यातच असते. म्हणून मी त्या नळीच्या तोंडातच वाहिल्या. आतमध्ये."

"किती?"

"चिमूटभर."

"आणि काढल्या नाही?"

"वाहिलेल्या अक्षता कोणी काढते का, बाई?"

दुर्वाने हातातला कॅमेरा काउंटरवर ठेवला. त्या नळीच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या, आत रबराची एक पातळ झडप असते. सोडलेला श्वास तिच्यातून बाहेर जातो आणि पाणी बाहेरच राहते. झडपेखाली कचरा अडकला तर श्वासाबरोबर पाणी येते; पाण्याबाहेर हवा नीट येते, म्हणून ते आधी कळत नाही. हे तिला प्रशिक्षणात शिकवले होते. सासूबाईंना तिने यातले काही सांगितले नाही.

"येते न हवा त्याच्यातून?" इंदिरांनी विचारले.

ती फोन लावत होती. पियूषचा फोन बंद होता. तिने पुन्हा लावला, मग डायव्हिंग सेंटरचा नंबर शोधला. पहिल्यांदा आकडा चुकला. दुसऱ्यांदा लागला आणि एका मुलीने उचलला.

"पियूष सर? वो तो बोट पे निकल गए, मॅम."

"रेग्युलेटर कौन सा ले गए? आपका या खुद का?"

"खुद का. हमने दिया था, पर नहीं लिया." मुलगी हसली. "बोले, मेरेवाले की घर पे पूजा हुई है."

दुकानात एक गिऱ्हाईक आले. आनंदने हातानेच त्याला थांबवले.

"उतरने से पहले चेक करते हैं ना?" दुर्वाने विचारले.

"बिलकुल करते हैं. दो-तीन साँस लेके देखते हैं, हवा आ रही है कि नहीं."

"उसमें चावल है."

"क्या है, मॅम?"

"चावल. मुँह में जो पकड़ते हैं, उसके अंदर. उनको पानी में मत उतरने दीजिए. बोट पे फोन कीजिए. अभी."

मुलगी आता हसत नव्हती. बोटीवर नेटवर्क कधी असते, कधी नसते, पण लावून बघते, असे म्हणून तिने फोन ठेवला.

आनंदने दोघींसाठी स्टूल पुढे सरकवले. दोघीही बसल्या नाहीत. इंदिरांनी दुर्वाची ओढणी मुठीत धरली होती.

"तो पाहीन न आधी," त्या म्हणाल्या. "नीट पाहूनच घालीन न तोंडात. लहानपणापासून डब्यातली पोळीही उलटून पाहते तो."

दुर्वा फोनच्या काचेकडे बघत होती.

बाराच्या सुमारास सेंटरवरून फोन आला. बोटवाल्याशी बोलणे झाले होते. समुद्र शांत आहे, असे तो म्हणाला. बोटीवर आपण एकटेच आहोत, बाकी सगळे खाली गेले आहेत, असेही म्हणाला.