पांढरी डबी

"वाफ अजून दोन मिनिटं," पार्लरवाली म्हणाली आणि खुर्चीतल्या बाईच्या नाकाकडे तिने पुन्हा निरखून पाहिलं. चार महिने झाले, तरी नाक आपलं स्वच्छच. कातडी म्हणायची की काय!

बाई पहिल्यांदा आली तेव्हाच पार्लरवालीने तिला ओळखलं होतं. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांवरून शाळेत या बाईनेच पार्लरवालीचं नाव 'मिरपूड' पाडलं होतं. मग सगळा वर्ग तेच म्हणायचा. वर्गाच्या फोटोत ती नाकावर हात धरून उभी आहे. बाईने मात्र ओळख दाखवली नाही. विसरली असणार. असली माणसं विसरतातच मेली.

मग पार्लरवालीने उट्टं काढायचं ठरवलं, तेही गोड बोलून. ठिपके म्हणजे मळ नव्हे, छिद्रांत तेल आणि मेलेली त्वचा अडकते आणि हवा लागून काळी पडते, हे ती गिऱ्हाइकांना रोज समजवायची. घासू नका, नखाने दाबू नका, हलकं जेल लावा. हिला मात्र दर महिन्याला पांढरी डबी. आत नुसतं घट्ट तेल आणि मेण. रोज रात्री नाकाला चोळा ताई, धुवायचं नाही. एव्हाना नाकाची पार वाट लागायला हवी होती.

घरी वेगळाच घोर. चौदा वर्षांच्या लेकीच्या नाकावर आधी चारच ठिपके होते, आता नाक काळवंडलं होतं. वाफ झाली, जेल झालं, काही म्हणता काही लागू पडेना. पोरगी मधल्या सुट्टीत लायब्ररीत तोंड लपवून बसायची. परवा म्हणाली, मला शाळाच नको. माझंच वाण उतरलं पोरीत, म्हणून आई रडली.

वाफ संपली. बाईने नवी डबी मागून घेतली आणि हातातच धरून बसली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुला," ती खाली मान घालून म्हणाली. "माफी मागायला आले होते. तोंडच उघडेना."

पार्लरवालीने हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"तुझ्या लेकीच्या शाळेत लायब्ररी सांभाळते मी. तिलाही पोरी चिडवतात. वाटलं, थोडं तरी भरून काढावं. पहिल्यापासून सगळ्या डब्या तिलाच दिल्या, आईला सांगू नको म्हटलं. रोज रात्री न चुकता लावते बिचारी."