मुका जिना

"तुजं आधार कार्ड कुटं हाय?" कारपेटची गुंडाळी जिन्याच्या तोंडाशी टाकत सगुणाबाईंनी विचारलं.

"कपाटात आहे, आत्या." सासूला गौतमी आत्या म्हणायची.

"आन हिकडं. माज्याकडं ऱ्हाऊ दे."

गौतमीने कार्ड आणून दिलं. कशाला म्हणून विचारायची सोय नव्हती. मोबाइल नवऱ्याने, दिग्विजयने, कधीच काढून घेतला होता. वरच्या खोलीची आतली कडीही त्यानेच उचकटून टाकली होती. आता सासूही त्याच वाटेने निघाली.

रिहे गावातलं हे घर दिग्विजयने रस्त्याकडेची जमीन विकून बांधलं होतं. खाली हॉल, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. लाकूड ओलं निघालं, आणि पाय पडला की पायऱ्या करकरायला लागल्या. घरातल्या सगळ्यांना त्या आवाजाचा वीट आला होता. एकट्या गौतमीचा त्याच्यावर जीव होता. नवरा पिऊन वर यायला लागला की पहिल्याच पायरीला तिला कळायचं. पोरीला, सृष्टीला, उचलून पलीकडच्या खोलीत निजवायला तेवढा वेळ पुरायचा. मग ती परत येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहायची. लेकीने अजून काही पाहिलं नव्हतं, ते त्या करकरीमुळे.

"पिरंगुटचा कारपेटवाला बोलावूया का?" तिने विचारून पाहिलं. तेवढाच एखादा दिवस लांबला असता.

"कशाला? हात मोडल्यात व्हय आपलं? मोबायलवर बघितलंय मी समदं."

दिग्विजयने सकाळीच प्लॉटिंगच्या साइटवर निघताना मान डोलावली होती. "घाल आई कारपेट. लई डोकं उठवतोय जिना."

दोघी कामाला लागल्या. सैल फळी खिळ्याने आवळायची, वर फोमचा थर, त्यावर कारपेट. पायरीच्या कोपऱ्यात ते बोथट छिन्नीने दाबून बसवायचं, मग खिळा ठोकायचा. सगुणाबाई दातात खिळे धरून एकेक पायरी वर सरकत होत्या, आणि गौतमी करकरणाऱ्या किती उरल्या ते मोजत होती.

कारपेट कापताना गौतमीचं लक्ष जिन्याकडेच होतं. कटर बोटात गेला. सगुणाबाईंनी चिंधी बांधता बांधता तिची बाही मागे सारली. मनगटावरचे काळेनिळे वळ नीट पाहिले, बाही पुन्हा खाली ओढली.

"चल, उरक," त्या म्हणाल्या.

त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा गौतमीने मधली एक फळी न आवळताच वरून कारपेट ठोकून टाकलं. तेवढी एक तरी बोलेल.

सगुणाबाई परत आल्या. पायऱ्या दाबत चढल्या. मधे थांबल्या. पुन्हा पाय दिला. कर्रर्र.

"ही ऱ्हायली."

"असेल, आत्या."

"मुद्दाम ठिवलीस?"

गौतमी खाली सांडलेले खिळे वेचू लागली. सगुणाबाईंनी ठोकलेलं कारपेट उपसलं, फळीत चांगले लांब खिळे मारले, पुन्हा कारपेट बसवलं. मग अंगणात खेळणाऱ्या सृष्टीला जवळ ओढून तिच्या पायांतले पैंजण काढले आणि कनवटीला खोचले.

"सारखं छुमछुम. कान किटलं."

आता घरात कशाचाच आवाज उरला नव्हता.

दुपारी गौतमी स्वयंपाकघराच्या दाराशी भाकऱ्या थापत होती. मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. ती किंचाळली. मागे दिग्विजय उभा होता. तिच्या पाठीमागे जिन्यावरून केव्हा वर गेला, केव्हा खाली आला, तिला पत्ता नव्हता.

"कळलं का मी आलेलो?" तो हसत होता. "आई, एक नंबर झालंय काम! आता हिला कळायचंबी न्हाई मी कवा वर आलो ते."

"मग? त्याच्यासाठीच तर केलं," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या ताटात मटणाची आणखी एक पळी वाढली आणि बाटलीही स्वतःच्या हाताने समोर ठेवली. एरवी त्या बाटलीला शिवत नसत.

जेवून तो जिन्याच्या पायथ्याशी दिवाणावर आडवा झाला. गौतमी वर गेली. पोर झोपली होती. गौतमी दाराकडे तोंड करून बसली. कान देऊन उपयोग नव्हता, म्हणून नुसती डोळे लावून. बाहेर भाताच्या खाचरात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. खालचं घोरणं ऐकू येत होतं. मग तेही थांबल्यासारखं वाटलं.

दार हललं.

गौतमीने सृष्टीला छातीशी धरलं आणि भिंतीला पाठ लावली. दारात सगुणाबाई होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात पदराखाली.

"आत्या, मला काय करायचं ते करा," गौतमी म्हणाली. "पोरीला हात लावू नका."

सगुणाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पिशवी तिच्या पायाशी ठेवली. आत सृष्टीचे कपडे होते आणि वर आधार कार्ड. पदराखालचा हात बाहेर आला. त्यात गौतमीचा मोबाइल होता.

"माजा भाचा कैलास जीप घिऊन मागल्या बांधाला उभा हाय," त्या कुजबुजल्या. "चपला हातात घे आन् उतर. त्याला आता काय बी ऐकू जायचं न्हाई."