टोकाला उरलेलं

सायलसची शवपेटी बंद करायच्या आधी त्याच्या बायकोने हनोखपुढे जुनी कॅसेट धरली. "भावजी, तुमचं दोघांचं गाणं लावा."

चर्चमध्ये गिटार वाजवली म्हणून दोघांनी बोलणी खाल्ली, त्या वर्षी भरलेली ही एकुलती कॅसेट. हनोखने ती टेपरेकॉर्डरमध्ये घालून बटण दाबलं, तर पाळकसाहेबांचा, तिच्या वडिलांचा, उपदेश गरजू लागला. गाणी पुसून भरलेला.

हनोखचा हात बंद करायला गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "टोकाला थोडं उरलंय. तेवढ्यासाठी हे रोज अख्खा उपदेश ऐकायचे."

सगळे थांबले. उपदेश संपला. खरखर झाली, मग गिटार, शेवटचं कडवं, आणि तरण्या सायलसचा आवाज: "हनोख, जमलं नाही रे. परत एकदा घेऊ."

खट्कन बटण वर आलं.