गारेगार केबिन

साहेबांची केबिन वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. एसी दिवसभर घुरघुरायचा, मीटर गरागरा फिरायचा, तरी आत भट्टीच. अकरा वाजले की साहेब "साइटवर जाऊन येतो" म्हणून जे सटकायचे, ते दुसऱ्या दिवशीच उगवायचे. खाली सगळ्यांना रान मोकळं!

नव्या इंजिनिअरने हौसेने पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. केबिन गार झाली, विजेचा वापर निम्म्यावर आला.

"शाब्बास!" साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "आता संध्याकाळीसुद्धा घरी जावंसं वाटत नाही बघ."

इंजिनिअर छाती फुगवून खाली आला, तर कुणी त्याच्याशी बोलेना. शेवटी हेडक्लार्क बाईंनी टेबलाखालून एक डबा पुढे सरकवला.

"रविवारी साहेब नसतात, बाळा. छपराला काळं फासून ये."