बिनठिणगीची कॉइल

दुपारी चारला गावाचा वीजमनोरा बंद पडला आणि यशोधराबाईंच्या गळ्याखालचा हिरवा दिवा लाल झाला. त्यांचं हृदय चालवणारं यंत्र मनोऱ्यानं हवेत सोडलेली वीज घ्यायचं. मनोरा गेला की आतली बॅटरी जेमतेम वीस मिनिटं पुरायची.

"अहो, तुमचं खूळ आज तरी कामाला येतंय का बघा," त्या कॉटवरून म्हणाल्या.

त्यांचे यजमान दिगंबर कुंटे, निवृत्त वायरमन. त्यांनी माळ्यावरची शंकूसारखी टेस्ला कॉइल, बिनतारी वीज पाठवायला हौसेनं बनवलेली, खाली काढली, स्कूटरच्या बॅटऱ्यांना जोडली आणि खटका दाबला. हातभर निळी ठिणगी कडाडली. दिवा लालच. मनोऱ्याच्या लहरीशी जुळवायला त्यांनी तारेचा एक वेढा कमी केला. ठिणगी दीड हात झाली. तीस वर्षांत अशी साधली नव्हती. ते बघतच राहिले.

"अहो..." आवाज खोल गेला होता.

कुंटे शरमेनं चरकले. सगळी वीज दिमाखातच उडून चालली होती! खटका बंद करून त्यांनी ठिणगी सुटावी म्हणून टोकावर हौसेनं लावलेली सुई उपटून फेकली, तिथं देवघरातला गुळगुळीत पितळी तांब्या पालथा घातला आणि पुन्हा खटका दाबला.

ठिणगी नाही. आवाज नाही. घाबरतच त्यांनी कॉटकडे मान वळवली. दिवा हिरवा झाला होता.

"बंद पडलं वाटतं तुमचं," यशोधराबाई पुटपुटल्या.

"नाही गं," कुंटे म्हणाले, "आज पहिल्यांदाच चाललंय."