उंचीचा रकाना

"बोटीची लांबी एकशे ऐंशी मीटर..." बोटींवर माणसं पाठवणाऱ्या बेलापूरच्या एजंटच्या ऑफिसात फॉर्म भरता भरता तिथला कारकून नंदकिशोर पुटपुटला.

"एकशे नव्वद," सुनयनाने त्याला मध्येच तोडलं. "रुंदी बत्तीस. सत्तावन्न हजार टन. चार क्रेन."

'नीलपर्णा' तिला तोंडपाठ होती. नवरा, शिवतेज, या मालवाहू बोटीवर चढल्यापासून ती फोनवरच्या नकाशात बोटीचा ठिपका बघत आली होती. कुकर लावताना, खारघरच्या मेट्रोत, महाप्याच्या कंपनीत डबा खाताना. लोहखनिज भरून निघालेला तो ठिपका तेवीस दिवसांपूर्वी भर समुद्रात थांबला आणि मग दिसेनासाच झाला. तरी दर दहा मिनिटांनी ती फोन उघडायचीच. वेड लागलं होतं तिला, आणि ते तिला कळतही होतं.

शेजारी सासरे बसले होते. हौसेरावांची हयात तुर्भ्याच्या धान्य बाजारात पोती वाहण्यात गेली. सत्तावन्न हजार टन म्हणजे अकरा लाख चाळीस हजार पोती, हे त्यांनी बसल्या बसल्या काढलं होतं. "येवढी पोती पेलणारी बोट बुडतीया व्हय?" असं भेटेल त्याला ते विचारत. आज सकाळपासून मात्र त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

नंदकिशोरने घसा खाकरला. "वहिनी, बोट नाहीशी झाली तिकडच्या किनाऱ्यावर एक बॉडी मिळालीय. चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. आमच्याकडे शिवतेजचे कागद आहेत, पण माहिती घरच्यांच्या तोंडूनच लिहून घ्यायची, असा रूल आहे. उंची किती त्यांची?"

परदेशातून आलेला कागद टेबलावरच होता. मिळालेल्या देहाची उंची त्यावर छापली होती. पाच फूट सहा इंच.

शिवतेजही तेवढाच. सुनयनाच्या बरोबरीचा. लग्नात उंच टाचांची चप्पल घालायची नाही, अशी तंबीच त्याने तिला दिली होती, आणि ती त्यावरून त्याला अजून चिडवायची.

आकडा अगदी ओठांवर आला होता.

"पाच फूट दहा इंच," ती म्हणाली.

इतकं धडधडीत खोटं, तेही सासऱ्यांदेखत. त्यांच्याकडे बघायचा तिला धीर होईना.

हौसेरावांनी मान वर केली. सुनेकडे पाहिलं.

"सहा फूट लिवा, सायेब," ते म्हणाले. "पोरगं लई उंच हाय माझं."

नंदकिशोरच्या हाताखाली शिवतेजची फाईल उघडीच होती. त्याने ती हळूच मिटली आणि रकान्यात सहा फूट लिहिलं.